तुळजाचे चुकलेले महिने

दिग्गीत परशूच्या घरामागे कुडाची एक लहान खोपी होती. घरातल्या बाईने महिन्याचे तीन दिवस तिथे बसायचे, तिथेच जेवायचे, चौथ्या दिवशी व्हाळावर, गावच्या ओढ्यावर, न्हाऊन घरात यायचे. गावातल्या प्रत्येक घरामागे अशी खोपी होती, आणि कोणती बाई कधी बाहेर बसली हे गावाला न विचारता कळे. लपवायला काही जागाच नव्हती.

तुळजा चौदाव्या वर्षी गुंदहून परशूशी लग्न होऊन या घरात आली. पहिली दोन वर्षे ती लहान म्हणून कुणी काही मोजले नाही. पुढच्या पाच वर्षांत ती त्या खोपीत तेरा वेळा बसली. पाच वर्षांचे महिने साठ. हा हिशेब तिच्या सासूने, रुक्माने, बोटांच्या पेरांवर केला होता, आणि पहिल्यांदा केला तेव्हा तो आनंदाने केला होता.

कारण रुक्माच्या लेखी बाई बाहेर बसली नाही याचा अर्थ एकच होता. तुळजाची पहिली पाळी चुकली, दुसरी चुकली, तेव्हा रुक्माने देवापुढे नारळ ठेवला आणि सुनेला सांगितले, "आता तू व्हाळाच्या पलीकडं पाऊल टाकायचं न्हाई."

रुक्माचे स्वतःचे पहिले मूल व्हाळात गेले होते. पाचव्या महिन्यात डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन ती पाण्यातून येत होती, दगडावरून पाय सटकला, आणि दोन दिवसांनी सगळे संपले. तेव्हापासून तिने मनाशी नेम केला होता की आपल्या घरातली पोटुशी बाई पाणी ओलांडणार नाही, ओझे उचलणार नाही, रानात जाणार नाही. हा नेम वाईट मनाने केलेला नव्हता, हे तुळजाने शेवटपर्यंत कबूल केले.

त्या घरात सगळे नाचणीची आंबील प्यायचे. तांदूळ थोडा पिके, तो सणाला आणि पाहुण्याला. तुळजाला मात्र दोन्ही वेळा भात, नारळाचा रस, गुळाचा खडा आणि वर लोण्याचा गोळा. तिने ताट सारले तर रुक्मा म्हणे, "खा गे. तुला न्हाई घालत मी, आतल्याला घालतो."

चार महिने तुळजा बसून राहिली. पाचव्या महिन्यात एका सकाळी अंगावरून जाऊ लागले, ते अकरा दिवस थांबले नाही. रुक्मा तिच्या उशाशी बसून रडली.

पुढे असेच होत राहिले. दोन महिने ठीक जात, मग पाळी चुके, मग भात आणि गूळ, मग चौथ्या-पाचव्या महिन्यात रक्त. तीनदा झाले तेव्हा रुक्माने देवाला बोल लावला. चौथ्यांदा झाले तेव्हा ती गप्प राहिली. पाचव्यांदा झाले तेव्हा खोपीच्या दारात उभी राहून म्हणाली, "पाच खाल्लीस गे माझ्या घरची."

तोवर तुळजाचे अंग भरले होते. चोळीच्या बाह्यांची शिवण दोनदा उसवून सैल केली होती. मानेच्या मागे कातडी काळवंडली होती, कितीही घासली तरी जात नव्हती. आणि हनुवटीवर केस आले होते. पहिल्यांदा दोन-चार, मग दाट. ती चुलीतली राख बोटांना लावून ते उपटी, तरी आठवड्यात परत येत. व्हाळावर ती पदर हनुवटीपर्यंत ओढून कपडे धूत असे.

शेजारची तारा एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाली, "तुळजे, ह्या खेपेला न्हावी आला म्हंजे परशूच्या शेजारी तू बी बस गे. एका खेपेत दोघांचं काम हुईल."

बायका हसल्या. तुळजानेही हसून घेतले, कारण न हसणे जास्त वाईट दिसले असते. म्हणाली, "बसतो की. तुझ्या जिभेचं टोक बी तेवढं कापून घिऊ तेच्याकडनं."

घरी येऊन तिने धुतलेले लुगडे वाळत घातले आणि ते वाळेपर्यंत त्याच्या आडोशाला उभी राहिली.

त्या वर्षीच्या शिमग्यानंतर गावच्या प्रमुखाकडे, गावकाराकडे, बैठक झाली. देवाला कौल लावला. कौल काय आला ते तुळजाला कुणी सांगितले नाही. निकाल तेवढा सांगितला. पुढच्या शिमग्यापर्यंत वाट बघायची. तोवर पोटात काही राहिले नाही, तर परशूने दुसरी करायची. परशू बैठकीत होता. तो जंगलखात्याच्या ठेकेदाराकडे लाकडाच्या गाड्या हाकायचा, बैलांशी दिवसभर बोलायचा आणि माणसांत आला की गप्प बसायचा. तिथेही गप्पच बसला.

चैत्रात गुंदची पार्वती दिग्गीत एका बाळंतपणाला आली. सुईण होती, पंचावन्न-साठीची, एका डोळ्याने अधू, तोंडाची फटकळ. तुळजाचे माहेर तिच्याच गावात, म्हणून ती परतताना घरात डोकावली. तुळजाकडे बघून तिने पानाची पिंक टाकली आणि म्हणाली, "पाच गेली म्हणत्यात, ती कोण बघितली? मांसाचा गोळा, हात, पाय, काय दिसलं?"

तुळजा म्हणाली, "रगात दिसलं, पार्वतक्का. दुसरं काय दिसलं न्हाई."

पार्वतीने तिला आडवे केले, पोट दाबून पाहिले, हनुवटी उजेडाकडे वळवली, मानेवरून अंगठा फिरवला. बरेच प्रश्न विचारले. मळमळ झाली होती काय? छाती दुखत होती काय? पाचपैकी एकदाही नाही. मग ती रुक्माला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिनं काय खाल्लं न्हाई आणि हिचं काय गेलं न्हाई. पाचबी खेपेला यात पोर न्हवतंच."

तुळजाला हे ऐकून आधी हायसे वाटले. मग रडू आले. पाच मुले मारल्याचा आळ एका वाक्यात उतरला, आणि त्याच वाक्यात ती पाच मुलेही गेली. तिने त्यांतल्या दोघांना मनात नावे ठेवली होती.

"मग अडतंय काय?" रुक्माने विचारले.

"तुझ्या घरात कालवड हाय न्हवं? जागेवर बांधून पेंड चारलीस, तर माजावर येती व्हय?"

"न्हाई येत. माजती नुसती. सोडावी लागती डोंगराला."

"मग सुनंला का बांधून घातलीस गे?"

रुक्माला राग आला. "माझी सून जनावर न्हवं."

"जनावर असती तर तुला आधीच कळलं असतं," पार्वती म्हणाली.

औषध काय, असे तुळजाने विचारले. पार्वती म्हणाली, "औषध असतं तर मी गुंदात माडीचं घर बांधलं असतं. औषध न्हाई. भात सोड, गूळ सोड, लोणी सोड. नाचणी खा, हुलग्याचं कढण पी, पाला खा, ताक पी. आणि चाल. उन्हं वर यायच्या आत डोंगर चढायचा, रोज. आठ दिवसांनी मला सांगायला येऊ नकोस काय फरक न्हाई म्हणून. सहा महिने लागतील. एखाद्या बाईला त्यानं बी हुईत न्हाई, ते बी सांगून ठेवतो."

त्या काळी या दुखण्याला त्या मुलखात नाव नव्हते. पार्वतीने चाळीस वर्षांत अशा सात-आठ बाया पाहिल्या होत्या, बहुतेक गावकारांच्या घरच्या, सुखवस्तू. एक-दोन मात्र काटक्यांसारख्या बारीक होत्या आणि तरी त्यांच्या हनुवटीला केस होते. त्यांचे काय ते तिला कळले नव्हते. जे कळले होते तेवढेच तिने सांगितले.

तुळजाने दुसऱ्या दिवशीपासून ताटातला भात सासूच्या ताटात टाकला. रुक्मा म्हणाली, "लोक म्हणतील, सुनंला आंबिलीवर ठेवली."

"म्हणू देत, आत्ती. आत्तापातूर काय कमी म्हणाले?"

व्हाळाच्या पलीकडे अर्ध्या कोसावर डोंगरउतारावर त्यांची नाचणीची भरड, खडकाळ जमीन, होती. तिथले काम कुणाला आवडत नसे. चढ उभा, आणि पीक आले की गवे आणि डुकरे. तुळजाने ते काम मागून घेतले. पहिल्या दिवशी ती चारदा बसली. मांड्या घासून सोलवटल्या, तिथे खोबरेल लावून ती परत गेली. चैत्र-वैशाखात तिने भाजावळीसाठी, जमीन भाजायला, पाला-फांद्या वाहिल्या. आषाढात नाचणीची रोपे लावली. भाद्रपदापासून पहाटे उठून राखणीला जाऊ लागली. गुळाची आठवण पहिले दोन महिने पार जीव घेई. एकदा तिने डबा उघडून खडा तोंडात टाकला, आणि मग डबा रुक्माच्या हातात देऊन म्हणाली, "हे तुमच्या खाटेखाली ठेवा."

ज्येष्ठाच्या शेवटी ती खोपीत बसली. मग श्रावणात, मध्ये एक महिना जाऊन. मग भाद्रपदात. आश्विनात. कार्तिकात. मार्गशीर्षात. पौषात. चोळीची उसवलेली शिवण तिने परत घातली. मानेचा काळेपणा फिका झाला. हनुवटीचे केस गेले नाहीत. कमी झाले, पण गेले नाहीत, आणि पुढेही कधी पुरते गेले नाहीत.

खोपीत बसून ती मनात खूष असायची. आणि ही खुशी सांगायला तिला गावात एक माणूस नव्हते. कारण ती बाहेर बसलेली दिसली की रुक्मा कपाळाला हात लावी. "पयलं दोन-दोन महिने तरी जीवाला आस असायची," ती शेजारणीला सांगे, "आता तीबी न्हाई. महिना झाला की बसली बाहीर." बिघडलेले अंग त्या घराला भरल्या पोटासारखे वाटले होते, आणि आता नीट चालू लागलेले अंग वांझपणासारखे दिसत होते. तुळजाने समजावून पाहिले. "आत्ती, हे यायलाच पायजे. हे येतंय म्हणूनच पुढचं हुईल."

"बाहीर बसून पोर हुईत असतं," रुक्मा म्हणाली, "तर मला दहा झाली असती."

पौषाच्या शेवटी रुक्मा बाजारकुणंगला जाऊन आली. तिथल्या एका घरची फुला नावाची पंधरा वर्षांची मुलगी तिने पाहिली आणि माघाच्या आरंभी गावकारासमोर सोयरिकीचा नारळ दिला. फाल्गुन पंचमीला लग्न, शिमग्याच्या दहा दिवस आधी.

त्याच माघात तुळजाची पाळी चुकली.

पहिले पाच दिवस तिने कुणाला सांगितले नाही. दहाव्या दिवशी भरडीवर चढताना तिला ओकारी आली, आणि ती दगडावर बसून हसली. पंधराव्या दिवशी चोळी छातीला टोचू लागली. विसाव्या दिवशी तिने रुक्माला सांगितले.

रुक्मा तांदूळ निवडत होती, लग्नाचे. तिने मान वर केली नाही. "तुझं चुकणं मला नवं हाय व्हय?"

"आत्ती, ह्या खेपेला तसं न्हवं. मळमळतंय. सहा महिने नेमानं येत हुतं. पार्वतक्काला बोलवा."

पार्वती आली. तिने पोट पाहिले आणि खरे ते सांगितले, "अजून हाताला लागत न्हाई, लवकर हाय. पण माझं मन म्हणतंय, हाय. एक दीड महिना थांब रुक्मे. चैत्रात नक्की सांगतो."

रुक्माने सूप खाली ठेवले. "गेल्या साली ह्याच घरात बसून कोण म्हणालं, पाचबी खेपेला यात पोर न्हवतंच? तवा न्हवतं, तर आता कुठनं आलं? पाच वेळा मी नाचलो, पार्वते. सहाव्यांदा मला नाचवू नको. नारळ गेलाय."

ज्या वाक्याने तुळजाच्या माथ्यावरचा आळ उतरला होता, त्याच वाक्याने तिचे खरे पोट खोटे ठरले.

तुळजा परशूकडे गेली. तो बैलांच्या खुरांना तेल लावत होता.

"मला चैत्रापातूर दे," ती म्हणाली. "दुसरं काय मागत न्हाई. चैत्रात काय न्हाई निघालं, तर मी स्वता नवरीला हळद लावतो."

परशूने हातातला खूर पुसला. "आईनं नारळ दिलाय."

"नारळ परत येतो. पोटातलं येत न्हाई."

"लोक हसतील."

"माझ्यावर हसले तवा?"

त्याने दुसरा खूर उचलला.

फाल्गुन पंचमीला फुला माप ओलांडून घरात आली. तुळजाने तिला हळद लावली नाही, पण स्वयंपाक केला. चैत्रात पार्वतीच्या हाताला गोळा लागला. वैशाखात तर सगळ्या गावाला दिसले. रुक्माने तुळजाचे दोन्ही हात धरले, तोंडावरून हात फिरवला, आणि तिला व्हाळ ओलांडायला बंदी केली. तुळजा म्हणाली, "आत्ती, डोंगर चढून आलंय हे. चढल्याबिगर राहणार न्हाई मी," आणि आठव्या महिन्यापर्यंत रोज हळूहळू, हातात काठी घेऊन चढत राहिली. भाताला तिने तेव्हाही हात लावला नाही.

आश्विनात, दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, मुलगी झाली. पुरत्या दिवसांची, नखे वाढलेली. पार्वतीने तिला उचलून धरले आणि एक अधू, एक चांगला असे दोन्ही डोळे पुसले.

बाराव्या दिवशी बारसे. बायका जमल्या. चंद्रा नाव ठेवले. रुक्माने मुलीला पाळण्यातून घेतले, आणि आईच्या मांडीवर न देता फुलाच्या मांडीवर ठेवले. "हिच्या पायगुणानं आली," ती आनंदाने सगळ्यांना म्हणाली. "आठ वर्सं माझ्या घरात काय न्हवतं. ही उंबऱ्यात पाय टाकती आणि पाळणा हालतो. लक्ष्मीचे पाय हाईत पोरीचे."

"व्हय की गे," तारा म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी फुलाच्या पायांवर कुंकू लावले.

तुळजा भिंतीला टेकून बसली होती. फाल्गुनापासून आश्विनापर्यंत महिने किती होतात, हे तिथल्या प्रत्येक बाईला येत होते. त्या सगळ्या बोटांवर पाळ्या मोजणाऱ्या बाया होत्या. त्या दिवशी एकीनेही बोट मोडले नाही.

गर्दी उठल्यावर फुला मुलीला घेऊन आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "अक्का, मी काय केलं न्हाई ओ."

"तू काय केलं न्हाईस, हे मला ठाऊक हाय," तुळजा म्हणाली. "तेच सगळ्यांस्नी सांगायचं हाय. कोण ऐकतंय?"

तिने परशूला एकच गोष्ट मागितली. गावकाराच्या ओट्यावर, चार माणसांत, एवढेच म्हणायचे की फुला घरात यायच्या आधी पोर पोटात होती. परशू म्हणाला, "आता ते काढून काय उपेग?" त्यालाही मोजता येत होते. पण ते चार माणसांत म्हणायचे, तर हेही म्हणावे लागले असते की चैत्रापर्यंत थांबायला हवे होते, आणि आपण थांबलो नाही.

तुळजा आणखी दोन महिने त्या घरात राहिली. पायगुणाची गोष्ट आता येणारा-जाणारा सांगू लागला होता. पौषात तिने मुलीला पाठीशी बांधले आणि गुंदला गेली. भावाकडे न जाता पार्वतीकडे.

शिमग्याच्या आधी परशू न्यायला आला. तुळजा अंगणात सुपाने हुलगे पाखडत होती. तो कुडाला टेकून बसला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "पोरीला बाप नको व्हय?"

"पायजे की. बापानं सांगावं, कुठल्या महिन्यातली पोर ही."

त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. घरातून पार्वती ओरडली, "बोल रे. बैलांसंगती बोलतोस, बायकोसंगती बी बोल." तो बोलला नाही. उठला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाला. तुळजाने त्याला थांबवले नाही. तो शब्द बोलला असता तर ती त्याच पावली त्याच्यामागे गेली असती. हे तिने पुढे पार्वतीला सांगितले.

तो परत आला नाही. फुलाला पुढे दोन मुलगे झाले. तुळजा पार्वतीच्या हाताखाली सुईण झाली, आणि पार्वतीनंतर गुंद-दिग्गीच्या पट्ट्यात तीच राहिली. महिने चुकणाऱ्या बाया तिच्याकडे येत. ती त्यांना भात-गूळ सोडायला आणि डोंगर चढायला सांगे, सहा महिने लागतील म्हणून सांगे, आणि एखादीला त्यानेही होत नाही हेही सांगे. काहींना गुण आला. गुण आला की त्या नवस फेडायला देवळात जात.

चंद्राचे लग्न पंधराव्या वर्षी ठरले. मुलगी बापाच्या घरातून द्यायची, म्हणून मांडव दिग्गीला पडला. पाटावर आई-बाप म्हणून कोण बसणार, हा प्रश्नच निघाला नाही. घर सोडून गेलेल्या बाईला तो मान नव्हता. परशू बसला, त्याच्या शेजारी फुला. चंद्राने मान वळवून स्वयंपाकाच्या बाजूला दोनदा पाहिले, मग भटजींनी तिला समोर बघायला सांगितले.

तुळजा मागच्या चुलाणावर होती. रुक्मा आता म्हातारी झाली होती, नीट दिसत नव्हते. वऱ्हाडातल्या एका पाहुणीला ती चुलाणाजवळ बसून सांगत होती, "ही नवरी आमच्या फुलाच्या पायगुणानं झालेली. हिच्या आधी घरात पाळणा न्हवता गे."

पाहुणीने तुळजाकडे बघून विचारले, "ह्या कोण?"

"सुईण हाय," रुक्मा म्हणाली. "गुंदची."

तुळजाने भाताचे शीत दाबून पाहिले, हंडा उतरवायला दोघींना हाक मारली, आणि पेज निथळायला लावली.